बेलवलकरांचा अपराध कोणता?

मंडळी, नाशकात, तेही गोदाकाठी, तात्यासाहेब शिरवाडकरांच्या नाटकातली उणीव काढायची म्हणजे समोरच्या निम्म्या कपाळांवर आठ्या पडणार. पडू द्या. ‘नटसम्राट’वर माझा फार जीव आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडायचं आहे.

आधी ताकद बघू. १९७०च्या डिसेंबरात डॉ. श्रीराम लागूंनी या नाटकातला म्हातारा नट, अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनाही ही भूमिका करावीशी वाटली. का वाटावी? ‘घर देता का घर’ हे स्वगत घरी मोठ्यानं वाचून बघा. भिंतीवाचून, छपरावाचून, माणसाच्या मायेवाचून, देवाच्या दयेवाचून... हाताला लागणाऱ्या भिंतीपासून सुरुवात होते आणि चार पावलांत बोलणं देवापर्यंत जाऊन पोचतं. प्रत्येक ‘वाचून’पाशी नटाला श्वास घ्यायला जागा आहे, आणि दर खेपेला आवाज एक पायरी वर न्यायलाही. कवी तर तात्यासाहेब आहेतच, पण इथे नटाची छाती केवढी हे ओळखून लिहिलंय. शेक्सपिअरचा लिअर बाहेरच्या वादळाला हाका मारतो. बेलवलकर स्वतःलाच तुफान म्हणवून घेतात. ‘किंग लिअर’वरून सुचलेल्या नाटकात हे पाऊल पूर्णपणे शिरवाडकरांचं आहे.

आता भांडण. राज्य मुलींना वाटताना लिअर राजा मोठी चूक करतो. जी मुलगी खरं बोलते त्या कॉर्डेलियालाच तो हाकलतो, केंटसारख्या निष्ठावंतालाही घालवतो. पुढे तो भोगतो त्यात त्याच्या स्वतःच्या अन्यायाचा वाटा असतो, आणि ते त्याला कळतं तेव्हा आपण हादरतो. बेलवलकरांनी काय केलं? असेल ते मुलांना वाटून टाकलं. फार तर भाबडेपणा, थोडा नटाचा तोरा. ‘नटसम्राट’मध्ये कॉर्डेलिया नाही, म्हणून बापाच्या हातून कुणावर अन्यायही नाही. मग सगळा दोष पोरांवर येतो आणि मुलगा नंदा, मुलगी नलू ही पात्रं पातळ होतात. आईबापांवर चोरीचा आळ घेण्यापर्यंत नलू कशी येते? तो प्रवास तिच्या तोंडून आपल्याला पुरेसा ऐकूच येत नाही. समोर एवढा मोठा आवाज असल्यावर तिला जागा मिळणार कुठून? लेखक अप्पासाहेबांच्या इतका प्रेमात आहे की त्यांना कुणी तोडीस तोड उत्तर देऊच शकत नाही. त्यांची बायको कावेरी तेवढी टिकते, कारण ती कमी बोलते आणि नेमकं बोलते.

‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ करणाऱ्या आणि ‘ऑथेल्लो’ मराठीत आणणाऱ्या लेखकाला नायकाच्या अपराधाचं मोल माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. इथे त्यांना म्हाताऱ्या नटाची माया आवरली नाही, असं मला वाटतं. त्या मायेनंच प्रेक्षक रडतो आणि शोकांतिका मात्र थोडी हलकी होते.

राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी मंडळी समोर बसली आहेत, म्हणून एक मागणं. ‘नटसम्राट’ पुन्हा कराल तेव्हा स्वगतांच्या तालमीला जेवढे दिवस देता, त्यातले काही नलूला द्या. आळ घेताना तिचे हात काय करतात, ती आईकडे बघू शकते का, हे शोधा. संहितेतला एक शब्दही बदलावा लागणार नाही.