डाळिंब्या सोलताना

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरी कडव्या वालांचे बिरडे होते, त्यांना हे सांगायला नको की त्यात शिजवण्याचे काम थोडे आणि सोलण्याचे फार असते. शुक्रवारी रात्री वाल भिजत घालावेत, शनिवारी निथळून फडक्यात घट्ट बांधावेत, रविवारी मोड आले की कोमट पाण्यात सोडावेत आणि साल सैल झाली की एकेक दाणा चिमटीत धरून दाबावा; सालीतून निघतो तो सोललेला दाणा म्हणजे डाळिंबी. हे काम आमच्याकडे वर्षानुवर्षे आईचे होते; गेल्या हिवाळ्यापासून ते माझ्याकडे आणि माझ्या सहा वर्षांच्या लेकीकडे आले आहे.

माझ्या चिमटीतली डाळिंबी निमूटपणे वाडग्यात पडते, तिच्या चिमटीतली मात्र सुळकन उडून कुठेही जाते. परवा एक फ्रिजखाली गेली, तेव्हा बाईसाहेबांनी पालथे पडून, फूटपट्टीने ती बाहेर काढून, तीनदा धुऊन वाडग्यात टाकली आणि तेवढ्या वेळात माझ्या वीसेक सोलून झाल्या. घाई असणाऱ्याने मुलांना मदतीला घेऊ नये, हे खरेच आहे. पहिल्या रविवारी मीही एका हाताने सोलत दुसऱ्या हाताने मोबाइल पाहत होतो, पण ओल्या बोटांना तो दाद देईना, म्हणून नाइलाजाने बाजूला ठेवला. त्यात माझा मोठेपणा काही नाही.

“आज शाळेत काय झालं?” या माझ्या रोजच्या प्रश्नाला “काही नाही” हे ठरलेले उत्तर असते, परंतु हात पाण्यात आणि नजर दाण्यावर असली की बाकावरची मैत्रीण का रुसली इथपासून सगळे न विचारता बाहेर येते. न भिजलेल्या टणक दाण्याला गणंग म्हणतात, हे मी तिला सांगितले आणि पस्तावलो, कारण आता सकाळी दोन हाका मारूनही मी उठलो नाही की ती आजीला ओरडून सांगते, “बाबा गणंग आहे!” रायगड जिल्ह्यात भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावरच शेतकरी हे वाल पिकवतात, असे एकदा मी तिला समजावले. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, “म्हणजे वाल भाताचं उष्टं पाणी पितात?” श्रोतेहो, शेतीवर इतके नेमके वाक्य मला सुचले नसते.

परवा पाणी गार होईपर्यंत तिने मोजून एकेचाळीस डाळिंब्या सोलल्या. जेवताना आमसूल, गूळ घातलेल्या त्या बिरड्यात ती बराच वेळ काहीतरी शोधत होती. शेवटी एक डाळिंबी वेचून तिने माझ्या ताटात ठेवली आणि हळूच म्हणाली, “ही फ्रिजखालची.”