तडतड थांबेपर्यंत

(पावसाचा आवाज. निवेदन पाचव्या सेकंदाला.)

श्रावण. सिंधुदुर्गातलं भाताचं खाचर. बांधाच्या कडेला, जिथं पाणी सारखं झिरपतं, तिथं हे तण माजतं. पान हाताला खरखरीत, फूल पांढरं, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. बेणणी करताना बाकी सगळं उपटून बांधावर फेकतात. हा तेवढा केसांच्या तेलासाठी टोपलीत जातो. माका.

आजींचा तळवा बघा. पाला चुरगळला तेव्हा हिरवा होता. कॅमेरा हललेला नाही. आता काळा. रसाला हवा लागली की तो असा काळा पडतो. संस्कृतात माक्याला भृंगराज म्हणतात, केशराजही. हा तळवा पाहिल्यावर ती नावं वेगळी समजवावी लागत नाहीत.

पाट्यावर पाला, पाण्याचा हबका, वरवंटा. मग फडक्यातून पिळणं. एक तांब्या घाण्यावरचं खोबरेल, चार तांबे रस. भिजवलेली आवळकाठी आणि जास्वंदीची पानं वाटून पाव तांब्या. शार्ङ्गधरसंहितेत, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, तेल सिद्ध करायचं प्रमाण हेच आहे : कल्क म्हणजे वाटण एक, तेल चार, द्रव सोळा. ग्रंथात तेल म्हणजे बहुधा तिळाचं. इथं माड दारात, म्हणून खोबरेल.

चूल मंद. पुढचे तीन तास आम्ही वीस सेकंदांत उरकलेत, आजींनी मात्र जागा सोडलेली नाही.

(फक्त टोपाचा आवाज.)

पळीवर वाटण आलं. बोटांत वळून त्याची वात केली, निखाऱ्यावर टाकली.

"तडतडला. पाणी असा अजून."

पाणी राहिलं की तेल खवट होतं. म्हणून पुन्हा पळी, पुन्हा वात. आणि आता टोपात बघा, फेस उठतोय. तूप कढवताना फेस बसला की उतरवायचं. तेलाचं उलट, फेस आला की तयार. तिसरी वात निखाऱ्यावर पडली आणि गप्प जळून गेली. टोप खाली.

आता ही दुकानातली बाटली. पुढे हिरवं पान, ठळक 'हर्बल'. मागे, भिंग धरल्यावर दिसतं : लाइट लिक्विड पॅराफिन. हे खनिज तेल. अशा बाटल्या शोधायला आम्हाला फार फिरावं लागलं नाही.

केस वाढतात का? डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. माक्याचे प्रयोग उंदरांवर झालेत, माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. केस पुंजक्यानं जात असतील, चट्टे पडत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

तेल निवलं. पंच्यातून गाळताना धार आधी हिरवी दिसते, उन्हात आली की काळपट. चोथाही टाकत नाहीत, न्हायच्या आधी केसांना चोळतात.

नात पाठमोरी बसली. वेणी सुटली.

(इथून शेवटपर्यंत निवेदन नाही.)