डेडलॉक आला? सर्व्हर बंद-चालू करायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. हळदीचे सौदे जोरात होते, तेव्हा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून मला फोन आला. "पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचं बिल) सेव्ह हुईना. मधनंच एरर येतोय. सर्व्हर बंद करून चालू केला की जरा वेळ चालतंय बघा."

त्या बंद-चालू करण्यातच पुरावा जात होता. डेटाबेस मायएसक्यूएल, स्टोरेज इंजिन, म्हणजे त्यातला डेटा सांभाळणारा भाग, इनोडीबी. डेडलॉक म्हणजे दोन कामं एकमेकांसाठी अडकून बसणं. शेवटचा डेडलॉक इनोडीबी लक्षात ठेवतं, पण मेमरीत. रीस्टार्ट केला की पाटी कोरी. म्हटलं, आता एरर आला की कशाला हात लावू नका, आधी मला फोन करा.

दुसऱ्या दिवशी एरर आला, १२१३, म्हणजे डेडलॉकचा. मी 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' चालवलं आणि 'लेटेस्ट डिटेक्टेड डेडलॉक' हा भाग काढला.

(स्क्रीनवर तो भाग)

हे दोन ट्रान्झॅक्शन बघा. ट्रान्झॅक्शन म्हणजे सगळे मिळून पूर्ण होणारे, नाहीतर सगळेच रद्द होणारे बदल. पट्टीच्या काउंटरनं शेतकऱ्याच्या खात्याची ओळ धरलीय आणि व्यापाऱ्याच्या ओळीसाठी थांबलाय. पेमेंटच्या काउंटरनं व्यापाऱ्याची ओळ धरलीय आणि तो शेतकऱ्याच्या ओळीसाठी थांबलाय. दोघंही हातातलं सोडणार नाहीत.

आता नीट लक्ष द्या, कारण फसायला होतं ते इथंच. इथं दिसणारी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) ही थांबलेली क्वेरी आहे. हातातलं लॉक, म्हणजे ओळीवरचा ताबा, त्याच ट्रान्झॅक्शनमधल्या आधीच्या एखाद्या क्वेरीनं घेतलेलं असतं, आणि ती इथं दिसत नाही. त्यामुळं कोड उघडून सुरुवातीपासून कमिटपर्यंत, म्हणजे बदल पक्के होईपर्यंत, वाचावाच लागतो.

वाचला, आणि पोटात गोळाच आला. डेडलॉक दिसला की इनोडीबी एका ट्रान्झॅक्शनचा बळी देतं. ज्यानं कमी ओळी बदलल्यात, शक्यतो तो. आणि ते ट्रान्झॅक्शन पूर्ण मागं फिरतं. या कोडमध्ये मात्र फक्त शेवटची क्वेरी परत चालवली जात होती. म्हणजे व्यापाऱ्याच्या नावे रक्कम पडली, शेतकऱ्याची जमा गायब! वर्षभर राबून माल आणलेल्या माणसाच्या पट्टीचा प्रश्न आहे हा.

दोन बदल केले. दोन्ही काउंटर आधी लहान खाते नंबरची ओळ धरतात, मग मोठ्या. आणि १२१३ आला की सगळं ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून. शिवाय 'इनोडीबी प्रिंट ऑल डेडलॉक्स' चालू केलं, म्हणजे प्रत्येक डेडलॉक एरर लॉगमध्ये उतरतो.

१२०५ हा वेगळा एरर. तिथं लॉकची वाट बघून वेळ संपलेली असते, डिफॉल्ट ५० सेकंद, आणि एरवी फक्त तेवढी क्वेरीच मागं फिरते.

आता क्रॅश, म्हणजे सर्व्हर आपोआप बंद पडणं. लॉगमध्ये सिग्नल ११ (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याची खूण) आणि स्टॅक ट्रेस (पडताना कोडमध्ये काय चालू होतं त्याची यादी) असेल तर तो जपून ठेवा. काहीच न लिहिता सर्व्हर गेला असेल तर 'डीमेसेज' ही लिनक्सची आज्ञा चालवून बघा. बऱ्याचदा रॅम संपल्यामुळं लिनक्सनंच त्याला मारलेलं असतं. आणि सेमाफोरची (इंजिनच्या आतल्या कुलपाची) वाट ६०० सेकंदांच्या वर गेल्याचं दिसलं, तर इंजिननं स्वतःच सर्व्हर पाडलाय. हे ओळींचं लॉक नव्हे, इंजिनच्या आतले थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, अडकलेत. कोण कुणासाठी थांबलंय ते त्याच्या वरच्या ओळींत, फाइलच्या नावासकट सापडतं. डिस्कही तपासा.

सर्व्हर उठतच नसेल तर 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' हे जबरदस्तीनं सर्व्हर उठवायचं सेटिंग १ पासून एकेक करून चढवा. त्याआधी डेटा डिरेक्टरीची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्याच, कारण ४ आणि त्यापुढं डेटा कायमचा बिघडू शकतो.

तुमच्याकडचा एखादा लॉग उलगडत नसेल तर कमेंटमध्ये टाका. फक्त त्यातली गिऱ्हाइकांची नावं आणि रकमा आधी काढा.