सही कोणाची?

2020 च्या मार्चमधली गोष्ट. पंचावन्न ओलांडलेल्या एका बाईंनी ऑनलाइन इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी अर्ज भरला. तो लगेच नाकारला गेला. बाई हुशार. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच अर्ज पुन्हा भरला, फक्त जन्मतारीख अलीकडची टाकली. मुलाखतीचं बोलावणं आलं!

कंपनी होती आयट्यूटरग्रुप. पंचावन्न आणि त्यापुढच्या बायका, साठ आणि त्यापुढचे पुरुष यांचे अर्ज तिचं सॉफ्टवेअर परस्पर बाद करत होतं. अमेरिकेतले दोनशेहून जास्त अर्जदार असे गळाले, असा तिथल्या समान रोजगार संधी आयोगाचा आरोप होता. कंपनीनं तो मान्य केला नाही, पण 2023 मध्ये 3 लाख 65 हजार डॉलर भरून तडजोड केली. खरं तर यात कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) म्हणावी असं काही नव्हतंच, नुसती वयाची चाळणी होती. पण आयोगानं कुठला कायदा लावला ते बघा. वयावरून भेदभाव करू नये, हा 1967 चा कायदा.

हे आधी सांगितलं, कारण बैठकांमध्ये एक वाक्य मी सारखं ऐकतो: ‘‘एआयचे नियम एकदा ठरू देत, मग बघू.’’ नवे नियम अजून ठरतायत, हे खरं. पण ग्राहकाला चुकीची माहिती देऊ नये, कुणाची खासगी माहिती उधळू नये, भरतीत भेदभाव करू नये, हे जुने कायदे काही रजेवर गेलेले नाहीत.

एअर कॅनडाचं प्रकरण तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. आजी वारल्यामुळे निघालेल्या एका प्रवाशाला विमान कंपनीच्या चॅटबॉटनं, म्हणजे वेबसाइटवर आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमनं सांगितलं, तिकीट आत्ता काढा, घरचं माणूस वारल्यावर मिळणाऱ्या सवलतीसाठी 90 दिवसांत अर्ज करा. कंपनीचा नियम नेमका उलटा होता, प्रवास झाल्यावर सवलत नाही. वाद कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणापुढे गेला. तिथे कंपनीचा एक बचाव असा होता की, चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, तिच्या वागण्याला तीच जबाबदार. न्यायाधिकरणानं फेब्रुवारी 2024 मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. वेबसाइटवर जे काही आहे त्याला कंपनी बांधील, मग ते साधं पान असो की चॅटबॉट. द्यावे लागले सगळे मिळून 812 कॅनेडियन डॉलर. रक्कम किरकोळ, पण तो बचाव आता जन्मभर त्या कंपनीच्या नावाला चिकटला.

एआयच्या नव्या कायद्यांपैकी युरोपीय संघाचा सगळ्यात भरभक्कम. 1 ऑगस्ट 2024 ला तो अमलात आला, पण टप्प्याटप्प्यानं. पहिल्या बंदी 2 फेब्रुवारी 2025 पासून लागू झाल्या. कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या भावना ताडणारी यंत्रणा कामाच्या ठिकाणी वापरणं हे त्यातलंच, अगदी मोजके अपवाद सोडून. बंदी मोडली तर दंड 3.5 कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या 7 टक्क्यांपर्यंत, यातलं जे मोठं असेल ते. भरती किंवा व्यक्तीची कर्जपात्रता ठरवणं ही कामं जास्त जोखमीची धरली आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं 2024 मध्ये एआयचा कायदा केला, फेब्रुवारी 2026 ची तारीख दिली, मग ती जूनवर ढकलली. म्हणून तारखांवर डोळा ठेवून तयारी करू नका. तारखा सरकतात. विचारले जाणारे प्रश्न मात्र बहुतेक तेच राहतात: हे कुठे वापरता, कशासाठी, कुणाची माहिती आत जाते, चुकलं तर कोण बघतं?

पहिल्या प्रश्नालाच दांडी गुल होते. एका कंपनीत वरिष्ठांनी मला ठामपणे सांगितलं, ‘‘आमच्याकडे एआय दोनच ठिकाणी.’’ मी तक्रार विभागात जाऊन बसलो. तिथली एक मुलगी ग्राहकाची अख्खी ईमेल, नाव, फोन नंबर, आजारपणाच्या तपशिलासकट, एका फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकत होती. का? तर उत्तराची भाषा जरा मऊ व्हावी म्हणून. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. कुणी तिला सांगितलंच नव्हतं आणि दुसरं साधनही दिलं नव्हतं. नुसती बंदी घालून अशा गोष्टी थांबत नाहीत, त्या स्वतःच्या मोबाइलवर जातात.

तेव्हा आधी एक नोंदवही करा. साधी एक्सेल शीट चालेल. एका ओळीत एक वापर. साधनाचं नाव, काम, आत जाणारी माहिती, बाहेर जाण्याआधी नजर टाकणारा माणूस. आणि शेवटचा रकाना, जो लोक हमखास रिकामा ठेवतात: हे बंद करायचा अधिकार कुणाला? तिथे ‘आयटी विभाग’ असं लिहू नका. विभाग फोन उचलत नाही. माणसाचं नाव लिहा.

आता त्या नजर टाकणाऱ्या माणसाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण खरी फसगत इथे होते. ‘अंतिम निर्णय माणूसच घेतो’ हे वाक्य प्रत्येक धोरणात असतं. प्रत्यक्षात काय होतं? पडद्यावर यंत्राची शिफारस आधीच हिरव्या रंगात येते. ‘मंजूर’ला एक क्लिक. ‘नामंजूर’ केलं की कारण लिहा, वरिष्ठांना कळवा. दिवसाचं टार्गेट तर ठरलेलंच आहे. असा माणूस नंदीबैलासारखी मान हलवणार, दुसरं काय करणार? म्हणून एकच आकडा काढा: गेल्या तीन महिन्यांत त्यानं यंत्राचं म्हणणं किती वेळा खोडलं? शून्य असेल, तर यंत्र अचूक आहे असं लगेच मानू नका. मुद्दाम चुकीची दोन-चार प्रकरणं मध्ये सोडा आणि ती पकडली जातात का ते पाहा. युरोपच्या कायद्यानंही जास्त जोखमीच्या कामात देखरेख करणाऱ्याकडे क्षमता, प्रशिक्षण आणि अधिकार हवेत असं म्हटलंय. माझ्या मते यातलं अवघड आहे ते अधिकार देणं. प्रशिक्षण दोन दिवसांत उरकता येतं.

एआयची साधनं विकणाऱ्या पुरवठादारांबद्दल थोडक्यात. ‘आतलं सांगता येत नाही, ते आमचं गुपित’ असं उत्तर मिळालं तर तितकंच विचारा: आमची माहिती तुमच्या मॉडेलला (माहितीवरून शिकणाऱ्या एआयच्या गाभ्याला) शिकवायला वापरणार का? मॉडेल बदललं तर आधी कळवणार का? नोंदी किती दिवस ठेवता? उत्तरं करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन विक्री प्रतिनिधीबरोबर नोकरी बदलतं.

अशाच एका बैठकीत शेवटी कुणीतरी विचारलं, ‘‘आम्ही वीस माणसांची कंपनी. हे सगळं परवडेल का?’’ वीस माणसांच्या कंपनीत ती नोंदवही एका दुपारी होते. मोठ्यांना महिने लागतात. उद्या सुरुवात करायची तर तक्रारींना उत्तरं देणाऱ्यांपासून करा, आणि आधीच सांगून ठेवा की खरं सांगणाऱ्याला कुणी ओरडणार नाही. नाहीतर वहीत दोनच ओळी येतील.