वाटणीच्या तुकड्यातली रेड वाइन

मित्रहो, रत्नागिरीच्या बागायतदारांनी हापूस सोडून द्राक्ष लावावे, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस आणि कायमची दमट हवा असलेल्या या किनाऱ्यावर केवडा आणि भुरी हे रोग वाइनच्या द्राक्षवेलीला सुखाने जगू देणार नाहीत. ते काम नाशिककरांनीच करावे. मला बोलायचे आहे ते वाटणीविषयी, कारण फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात उंची रेड वाइन करणारे लहान कौटुंबिक मळे वाटणीतूनच घडले आहेत.

1804 च्या नेपोलियनच्या संहितेने सर्व अपत्यांना समान वारसा दिला, आणि प्रत्येक पिढीत बागांचे तुकडे पडत गेले. क्लो द व्हुजो ही मठवासीयांनी दगडी गडगा घालून राखलेली सुमारे 50 हेक्टरांची बाग 1889 मध्ये विकली गेली, आणि आज तिचे मालक 80 च्या आसपास आहेत. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावे वाढत जातात, बाग मात्र कोणीच बघत नाही आणि शेवटी ती खंडाने दिली जाते. तिकडे ज्याच्या वाट्याला ज्या ओळी आल्या, त्या तोच छाटतो. पूर्वी अशी कुटुंबे वाइन पिंपांनी व्यापाऱ्याला विकत; 1920-30 च्या दशकांपासून त्यांतील काही जण स्वतः बाटल्या भरून आपल्या नावाने विकू लागले.

एका एकराचा हिशेब पाहा. या दर्जाच्या बागेत हेक्टरी साधारण 3,500 लिटर वाइन धरली, तर एकरी 1,400 लिटर, म्हणजे 228 लिटरची जेमतेम सहा पिंपे. पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचा रस जवळजवळ रंगहीन असतो. लाली येते ती सालीतून. आंबताना वायूच्या जोरावर साली वर येऊन जाड थर बनतो, आणि तो रोज दाबून रसात बुडवावा लागतो, नाहीतर वर उघडा पडून सुकलेला थर आंबुस होऊ लागतो. मोठा व्यापारी एक बिघडलेले पिंप बाजूला सारतो आणि विसरून जातो, पण या कुटुंबाचे त्या वर्षाचे एक षष्ठांश उत्पन्न त्यात असते. लहान मळ्याच्या वाइनचे कौतुक व्हावे ते या जोखमीसाठी. लेबलावरच्या आजोबांच्या छायाचित्रासाठी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात वाटणीलाही मर्यादा असते. चार ओळींवर कोणाचे घर चालत नाही, शिवाय जमिनीचे भाव इतके चढले आहेत की वारसाकर भरण्यासाठीच काही वारसांना बाग विकावी लागते. म्हणून अनेक कुटुंबांनी जमिनीची कंपनी केली आहे: भावंडांत समभाग वाटले जातात, वेली मात्र एकाच्याच हाताखाली राहतात, आणि बाकीच्यांना दरवर्षी भाड्याचा हिस्सा मिळतो.