चौदा भागांची फँटसी वाचावी का?

नमस्कार मंडळी. आज एका प्रश्नावर बोलायचंय, जो मला वाचणारी माणसं सारखी विचारतात, आणि विचारताना आवाजात जरा धास्ती असते. ‘द व्हील ऑफ टाइम’ सुरू करू का? चौदा भाग आहेत हो, एकेक भाग उशीएवढा जाड, एवढा वेळ घालून शेवटी हाताला काही लागतं का?

उत्तर आधीच सांगून टाकते, उगाच ताटकळत ठेवत नाही. वाचा. अगदी मनापासून सांगतेय, वाचा. पण कशासाठी वाचायचं ते आधी कळलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या भागात दम लागतो आणि पुस्तक कपाटात जातं ते जातंच.

रॉबर्ट जॉर्डन हे लेखक, अमेरिकेतले. पहिला भाग आला १९९० साली आणि शेवटचा २०१३ साली. मधल्या काळात, २००७ मध्ये, जॉर्डन वारले, वय फक्त ५८. अकरा भाग त्यांचे, शिवाय २००४ साली आलेली एक पूर्वकथा, आणि शेवटचे तीन भाग त्यांनी ठेवलेल्या नोट्सवरून ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केले. सगळे शब्द मोजले तर ४० लाखांच्या वर जातात. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, मान्य आहे.

आता गोष्ट काय आहे ते थोडक्यात. काळ चाकासारखा फिरतोय, युगं जातात आणि परत येतात, माणसंही परत जन्माला येतात. ही कल्पना आपल्याला समजावून सांगायला लागत नाही, ती आपल्या ओळखीचीच आहे, त्यामुळे पहिल्या पानापासून परकं वाटत नाही. या जगात एक शक्ती आहे, तिचे दोन भाग, एक बायकांचा आणि एक पुरुषांचा. पुरुषांचा भाग नासलाय, विटाळलाय म्हणा, त्यामुळे जो पुरुष ती शक्ती वापरतो तो हळूहळू वेडा होतो. आणि भविष्यवाणी काय, तर जगाला वाचवणारा एक पुरुषच असणार आणि त्याला तीच शक्ती वापरावी लागणार. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त, त्यालाच सगळे घाबरतात, आणि त्याला स्वतःलाही स्वतःची भीती वाटते. माझ्या मते मालिकेचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे.

पहिल्या भागाच्या अगदी सुरुवातीला, मुख्य कथेच्याही आधी, एक छोटा प्रसंग येतो तो सांगते, यात पुढचं काही फुटत नाही. एक पडका महाल. भिंती तडकलेल्या, सगळीकडे माणसं मरून पडलेली, आणि एक माणूस त्यातून फिरतोय, बायकोला हाका मारतोय, इलियेना, इलियेना, कुठे आहेस. ती तिथेच पडलीय आणि त्याला दिसतच नाही, कारण तो वेडा झालाय आणि हे सगळं त्याच्याच हातून झालंय. मग त्याचा शत्रू येतो आणि काय करतो माहितीये? त्याला बरं करतो. मुद्दाम, फक्त त्याला दिसावं म्हणून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

जॉर्डन व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेले होते. हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर रँडचं, म्हणजे नायकाचं, वागणं एकदम वेगळं दिसायला लागलं. हा मेंढपाळ मुलगा, पुढे त्याच्यापायी बायका मरतात, आणि तो त्यांची नावं पाठ करतो. मनातल्या मनात, रोज, पहिल्या नावापासून. नवीन नाव आलं की यादीत घालतो आणि परत सुरुवातीपासून म्हणतो. लढाईची वर्णनं बाकीचेही लिहितात हो, पण लढाईनंतर माणूस आतून कसा दगड होत जातो ते इतक्या सावकाश, इतक्या भागांमधून दाखवलेलं मी दुसऱ्या फँटसीत वाचलेलं नाही, आणि हे तीन भागांत जमलंच नसतं, लांबी इथे कामाला आली.

त्याचा मित्र पेरिन, लोहाराच्या हाताखाली शिकलेला, हातोडा धरू की कुऱ्हाड हा त्याचा प्रश्न भागच्या भाग चालतो. आणि नाइनीव्ह, कायम चिडलेली, राग आला की स्वतःची वेणी ओढणारी, सुरुवातीला मला ती अजिबात सहन व्हायची नाही आणि शेवटी शेवटी तीच सगळ्यात जवळची वाटायला लागली.

आता तक्रारी. आहेत, आणि खऱ्या आहेत. पहिला भाग बराच ओळखीच्या वाटेने जातो, खेड्यातली मुलं, काळे घोडेस्वार मागे, पळापळ. त्यावरून मालिकेची परीक्षा करू नका, निदान चौथ्यापर्यंत या. चौथ्या भागात रँड काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि प्रत्येक पावलाला तो आपल्या एकेका पूर्वजाच्या डोळ्यांनी बघतो, मागे मागे, आणखी मागे, आणि एका अख्ख्या जमातीचा इतिहास आपल्यासमोर उलटा उलगडत जातो. ते वाचून मजा नाही आली तर खुशाल सोडा, ही मालिका तुमची नाही.

मग आठ ते दहा. इथे गाडी चिखलात रुतते. कपड्यांची वर्णनं, चहाचे पेले, कोण कोणाकडे कसं बघतंय. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते आणि दहाव्यात पानंच्या पानं बाकीची पात्रं ती लांबून बघत राहतात. नववा २००० साली आला आणि दहावा २००३ साली, म्हणजे एवढी वाट बघून लोकांच्या हातात हे पडलं, त्यांचा संताप मला पूर्ण समजतो. मी स्वतः आठव्यात अडकले होते, वर्षभर हात नाही लावला. पण आपल्याला आता वाट बघावी लागत नाही, दहावा संपला की अकरावा लगेच उचलायचा, आणि अकराव्यात वेग असा परत येतो की सगळं भरून निघतं. नावं विसरायला होतात, पात्रं खूप आहेत, तर प्रत्येक भागाच्या शेवटी शब्दार्थांची सूची असते ती वापरा, मी तर एक कागदच पुस्तकात ठेवला होता, कोण कोणाचा कोण ते लिहून. आणि ती पूर्वकथा आधी वाचू नका, दहाव्यानंतर वाचा.

सँडरसन यांचे तीन भाग? हॅरिएट मॅकडूगल, म्हणजे जॉर्डन यांच्या पत्नी आणि संपादकही, त्यांनी या माणसाला निवडलं, आणि तो शाळेत असल्यापासून हीच मालिका वाचत आलेला. वाक्यं साधी झालीत, मॅटचं, म्हणजे रँडच्या आणखी एका मित्राचं, बोलणं बाराव्यात जरा दुसऱ्याच कुणाचं वाटतं, ते मला खटकलं. पण गोष्ट त्याने जीव लावून पार नेलीय.

आणि शेवटचा प्रसंग मात्र जॉर्डन स्वतः लिहून गेले होते. मी तो रात्री उशिरा वाचला, आणि झोप येईना म्हणून परत पहिला भाग काढला, तोच पडका महाल, त्याच हाका. या वेळी ज्याला मी वाचत होते त्या माणसाला मी ओळखत होते.