पहिल्या ट्रायथलॉनची तयारी: आधी पाण्यात श्वास सोडायला शिका

बरं मंडळी, सुरुवात करूया. ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ एक, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर आयर्नमॅनच येतं, 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल आणि वर 42.2 किमी पळणं, मग 'हे आपलं काम नाही बुवा' म्हणून विषय तिथेच संपतो. पण हा खेळ सुरू झाला तो 1974 साली सॅन डिएगोच्या मिशन बे इथे, ट्रॅकवरच्या रोजच्या सरावात जरा बदल हवा म्हणून, आणि अंतरंही बेताची होती. आयर्नमॅन त्यानंतर, 1978 ला हवाईत. तुमच्यासाठी आहे स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची ट्रायथलॉन: 750 मीटर पोहायचं, 20 किमी सायकल, 5 किमी पळायचं. हाताशी तीनेक महिने असतील आणि आत्ता थोडंफार पोहता-पळता येत असेल, तर आरामात जमतं.

आता गंमत बघा, बहुतेक जण काय करतात, जे आधीच येतं त्याचाच सराव वाढवतात. पळणारा अजून पळतो, सायकलवाला रविवारी अजून लांब जातो, आणि पोहणं 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणत ढकलत राहतो. उलटं करा. आठवड्याला प्रत्येक खेळ दोनदा, एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि एखादं जास्तीचं सेशन मिळालं तर ते पाण्यालाच द्या.

पाण्यात दम लागतो तो स्टॅमिना कमी म्हणून लागतो असं वाटतं, पण रोज 10 किमी पळणारी माणसंसुद्धा पूलच्या एका फेरीत धापा टाकतात, ते कशामुळे? श्वास कोंडून धरल्यामुळे. तोंड पाण्यात असताना हवा सोडायचीच नाही, मग डोकं वर आल्यावर तेवढ्या क्षणात सोडायचीही आणि घ्यायचीही, ते काही होत नाही, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घाबरा होतो. म्हणून पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडत राहायचे, तोंड बाजूला वळलं की फक्त आत घ्यायचं. दुसरं म्हणजे डोकं. समोर बघायला मान वर काढली की कंबर आणि पाय खाली जातात, आणि तुम्ही स्वतःलाच मागे ओढत पोहता. नजर तळाकडे ठेवा. पाय जोरात मारू नका, पुढे त्यांनाच कामाला लावायचंय.

उघड्या पाण्यात तळाची रेघ नसते, म्हणून दर सहा-आठ स्ट्रोकनंतर डोळे तेवढे पाण्याबाहेर काढून बोय, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, कुठंय बघायचं. याचा सराव शर्यतीआधी करा, आणि एकट्याने अजिबात नाही! सुरुवातीला गर्दीच्या मागे किंवा कडेला उभे राहा. घाबरायला झालं तर पाठीवर व्हा, ब्रेस्टस्ट्रोक मारा, सेफ्टीवाल्यांची कयाक (छोटी होडी) धरून दम खा, सहसा चालतं, फक्त ती धरून पुढे सरकायचं नाही.

सायकलबद्दल फार बोलत नाही, हलक्या गिअरवर मिनिटाला 80-90 पेडल फिरवा, आणि पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवू नका, हौशी गटांत ड्राफ्टिंगला बहुतेक ठिकाणी बंदी असते. सायकलवर जास्त जोर काढलात तर हिशोब पळताना चुकता होतो. सायकलवरून उतरून पळायला लागलात की पाय लाकडासारखे वाटतात, आपलेच आहेत का अशी शंका येते. यावर उपाय ब्रिक वर्कआउट, म्हणजे सायकल चालवून झाली की बूट बदलून लगेच 10-15 मिनिटं पळायचं, छोटी पावलं टाकत. आठवड्यातून एकदा तरी करा, पायांना सवय लागते.

आणि ट्रान्झिशन! टी-वन म्हणजे पाण्यातून सायकलवर, टी-टू म्हणजे सायकलवरून पळण्यावर. घड्याळ तिथेही चालूच असतं. लोक आठवडेच्या आठवडे घाम गाळून सायकलचा एक मिनिट कमी करतात आणि इथे मोजे शोधत तेवढाच घालवतात, मला हे कधी कळलंच नाही. सामान वापरायच्या क्रमाने मांडा. आधी हेल्मेट, त्याचा पट्टा लावा, मगच सायकलला हात लावायचा, आणि परत आल्यावर सायकल स्टँडला लावल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. माउंट लाइन, म्हणजे जिथून पुढे सायकलवर बसता येतं ती रेघ, ओलांडल्याशिवाय सायकलवर बसायचं नाही. घरी दोन-चार वेळा रंगीत तालीम करून बघा, शेजारी हसतील, हसू देत.

मागून प्रश्न आलाय की भारीतली सायकल घ्यावी लागेल का. नाही. पहिल्या स्प्रिंटला ब्रेक नीट लागणारी साधी सायकल चालते, बहुतेक ठिकाणी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइकसुद्धा. चेनला तेल, टायरमध्ये हवा, आणि हँडलबारच्या दोन्ही टोकांना प्लग, म्हणजे भोक बंद करणारी टोपणं, आहेत का ते आजच घरी जाऊन बघा, नसतील तर शर्यतीआधीच्या तपासणीतच अडवतात.